गृहस्थ, बसलेले: नग छत्तीस

इमारत उभी राहण्याआधी तिला काय काय लागेल आणि किती लागेल, हे कागदावर मांडायचं काम ताई अठरा वर्षं करत होत्या. एका बांधकाम ठेकेदाराच्या कचेरीत, पहिल्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर. या अठरा वर्षांत त्यांनी एकदाही वीट हातात धरली नव्हती, पण समोर दिसेल ती वास्तू मनातल्या मनात सुटी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नात्यातल्या कुणाच्या घरी गेल्या आणि दार कुरकुरलं, तर बाकीच्यांना दार दिसायचं. ताईंना चौकट एक, झडप एक, बिजागऱ्या तीन, स्क्रू चोवीस, कडी, मूठ, रंगाचे दोन हात आणि सुताराचा पाऊण दिवस दिसायचा. त्यांचा नवरा चष्म्यांच्या दुकानात कामाला होता. लग्नानंतर आठवड्याभरातच त्याने ओळखलं की आपण बोलत असताना ही बघते ती आपल्याकडे नाही, आपल्या मागच्या भिंतीकडे. त्याने राग मानला नाही. तोही समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा फ्रेमकडेच बघायचा, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

पूर्वी कचेरीत सगळं सुटं सुटं मोजलं जायचं. विटांची यादी वेगळी, खिळ्यांची वेगळी, बिजागऱ्यांची वेगळी. एका अंदाजपत्रकाला तीन आठवडे जायचे आणि शेवटी काहीतरी राहायचंच. एकदा एका शाळेच्या कामात बिजागऱ्यांचं पानच गळालं. एकशे दहा दारं आली, बिजागरी एकही नाही. सुतार सरळमार्गी माणूस. त्याने एकशे दहा दारं एकशे दहा चौकटींना टेकवून ठेवली आणि घरी गेला. वर्षभर त्या शाळेत आत यायचं म्हणजे दार उचलून बाजूला ठेवायचं, आणि आत आलं की परत लावायचं. पोरांचे दंड भरले, पण ठेकेदारसाहेबांना शाळेकडून पत्र आलं.

या भानगडीनंतर एका संध्याकाळी ताई भाजीवालीपुढे उभ्या होत्या. त्यांच्या पुढचं गिऱ्हाईक कोथिंबिरीच्या काड्या उलटसुलट करून बघत होतं. भाजीवाली म्हणाली, "काड्या काय मोजताय? जुडी घ्या नाहीतर ठेवा."

ताई भाजी न घेताच घरी आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाराची जुडी बांधली. दाराला जे जे लागतं ते सगळं एकत्र, स्क्रूंसकट, आणि वर नाव घातलं 'दार-एक'. आता इमारतीत दारं किती तेवढं मोजायचं. बिजागऱ्या आपसूक येणार. मग 'भिंत-एक' झाली: एक चौरस मीटर भिंतीला लागणाऱ्या विटा, वाळू, सिमेंट, दोन्ही बाजूंचा गिलावा, रंग, गवंड्याची मजुरी, आणि वर नासाडीचे पाच टक्के, कारण विटा फुटतातच. मग छोट्या जुड्यांची मोठी जुडी. भिंती, दार, खिडकी, फरशी, दिवे मिळून अख्खी 'खोली'. जिथे पूर्वी दीडशे पानं लागायची तिथे आता नऊ ओळी. साहेबांना अर्ध्या पानापलीकडे वाचायची सवय नव्हती. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अंदाजपत्रक शेवटपर्यंत वाचलं आणि ताईंना नवीन खुर्ची दिली.

ताईंचे या कामात दोन नियम होते. पहिला: मोजताना डोकं चालवायचं नाही, जे दिसेल ते लिहायचं, काटछाट नंतर. दुसरा: जुडी एकदा बांधली की सोडायची नाही, नाहीतर जुडी बांधली कशाला. दोन्ही नियम चांगलेच होते. फक्त ते दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

ते भेटले नकाशे कचेरीच्या कामात. जुने नकाशे सांभाळणारं एक सरकारी खातं होतं, त्यांना छत्तीस खोल्यांची नवी इमारत हवी होती. साहेबांनी नमुन्याची एक खोली आधीच बांधून दाखवली होती. ताई वही घेऊन तिथे गेल्या आणि जमिनीपासून वर लिहीत सुटल्या. फरशी, कडेची पट्टी, भिंती, खिडकी, गज, दिवे. खोलीच्या मधोमध स्टुलावर गिलाव्याचे काका बसले होते. गिलावा ओला होता आणि साहेबांनी त्यांना सांगितलं होतं, सुकेपर्यंत भिंतीवर नजर ठेवा. काकांनी डावा हात गुडघ्यावर टेकला होता, मान थोडी कलती होती, आणि ते भिंतीकडे असे बघत होते की भिंतीची तडकायची हिंमत होऊ नये.

ताईंनी पहिल्या नियमाप्रमाणे लिहिलं: स्टूल, नग एक. गृहस्थ, बसलेले, नग एक.

काटछाट त्या दुसऱ्या दिवशी करणार होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांची दाढ दुखायला लागली आणि निविदा भरायची मुदत संपत होती. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी वहीत होतं ते जसंच्या तसं उतरवलं, 'खोली-कचेरी' अशी जुडी बांधली आणि छत्तीसने गुणलं. नऊ ओळींच्या पानावर साहेबांनी सही केली, नकाशेवाल्यांनी सही केली, त्यांच्या समितीतल्या सातही जणांनी केली. जुडीच्या आत काय आहे ते मागे जोडलेल्या परिशिष्टात होतं. परिशिष्ट वाचायला कुणाला सवड नव्हती. जुड्या त्यासाठीच तर होत्या.

इमारत बांधून झाली. ताबा देण्याच्या दिवशी नकाशे कचेरीचे तपासनीस आले. बारीक चणीचे, स्वच्छ कपड्यांतले, आवाज न चढवणारे. त्यांनी मात्र परिशिष्ट वाचलेलं होतं. पहिल्या खोलीत उभं राहून त्यांनी एकेक ओळीपुढे खूण करायला सुरुवात केली.

"भिंती चार. आहेत. खिडकी एक. आहे. स्टूल एक." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "स्टूल दिसत नाही. गृहस्थ, बसलेले, एक. तेही दिसत नाहीत."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. "ते चुकून आलंय," त्या म्हणाल्या.

"चुकून आलं असेल," तपासनीस म्हणाले, "पण आलंय ना?"

"काढून टाका की मग ती ओळ."

"ओळ काढायची तर समितीची मंजुरी लागेल. समितीची बैठक नव्या इमारतीत आहे. नवी इमारत ताब्यात यायची तर ही ओळ पूर्ण व्हायला हवी." त्यांनी पेन खिशाला लावलं. "तुम्हाला पंधरा दिवस देतो. बाकी काम उत्तम आहे."

गाडीत साहेब म्हणाले, "स्टुलांचं सुतार बघेल. बाकीचं तुमचं तुम्ही बघा." ताईंनी हो म्हटलं. जुडी त्यांनी बांधली होती, त्यामुळे त्यांना दुसरं काही म्हणता येईना.

घरी आल्यावर त्यांनी जेवताना ही हकीकत सांगितली. नवरा घास तोंडाशी धरून राहिला. सासरे मात्र ऐकत ऐकत शांतपणे जेवत होते. चौतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून उभं राहून निवृत्त झालेला माणूस. निवृत्त झाल्यापासून ते दिवसभर खुर्चीत बसायचे, आणि आपण बसलेले असतो याचाच त्यांना मनातून कमीपणा वाटायचा.

"किती माणसं लागतील?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस, बाबा. म्हणजे अडतीस. नासाडीचे पाच टक्के धरलेत ना."

"नासाडी म्हणजे?"

"फुटतात, खराब होतात, त्यांच्यासाठी जादा."

बाबांनी थोडा विचार केला. "आमच्या बागेतल्या बाकांवर तीसेक तरी मिळतील. फुटायला आलेलेही आहेत चारदोन. तू काळजी करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बागेत गेले आणि दुपारपर्यंत स्वतःला धरून एकतीस जण जमवून आले. उरलेल्या सातांत एक गिलाव्याचे काका, बाकीचे कुणाचे मेहुणे, कुणाचे व्याही असे जमले. घरच्यांची हरकत फारशी आली नाही. एका काकूंनी तेवढं विचारलं की नेताय ते ठीक, पण परत कधी आणून सोडणार. ताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की ते परिशिष्टात नाही.

मग तपासनिसांचं पत्र आलं. पुरवठा मंजूर नमुन्याप्रमाणे असावा, आणि नमुना म्हणजे गिलाव्याचे काका. झालं, नमुन्याच्या खोलीत काकांना पुन्हा बसवलं आणि बाबांनी सगळ्यांना ओळीने आत नेऊन दाखवलं. डावा हात गुडघ्यावर. मान कलती. नजर भिंतीवर. पहिले दोन दिवस कुणालाच जमेना. एक निवृत्त शिक्षक सारखे पाठ ताठ करायचे. एक गृहस्थ भिंतीकडे बघितलं की हसायचे; का हसता विचारलं तर म्हणायचे, काही नाही, भिंत आहे. काका चिडून म्हणाले, "भिंत तुमची मेहनत आहे असं समजून बघा." त्यानंतर मात्र सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले आणि ताईंना त्या खोलीत फार वेळ थांबवेना.

पंधराव्या दिवशी तपासणी झाली. तपासनीस छत्तीस खोल्यांतून फिरले. बाविसाव्या खोलीतले गृहस्थ त्यांना बघून अदबीने उभे राहिले, आणि तपासनिसांनी लिहिलं: नामंजूर. गोदामातल्या दोन जादा माणसांपैकी एकाला लगोलग वर आणलं. तो जिन्याने दमून आला होता, त्यामुळे बसायला त्याला सांगावं लागलं नाही. संध्याकाळी ताब्याच्या कागदावर सह्या झाल्या. साहेबांनी ताईंचे दोन्ही हात हातात घेतले.

ताईंना वाटलं, सुटलो. पण माणसं घरी जायला निघाली तेव्हा फाटकावर तपासनिसांनी सौम्यपणे हात आडवा केला.

"वर्षभराची हमी आहे. बसवलेली कुठलीही वस्तू वर्षभर हलवता येत नाही."

"माणसं आहेत हो ती," ताई म्हणाल्या.

"मलाही दिसतंय. म्हणूनच म्हणतो, पाच वाजता आम्ही खोल्यांना कुलूप लावतो. कुलूप लावलेल्या खोलीत काय आहे ते बघायचा अधिकार मला नाही. दहा वाजता उघडतो. तेव्हा सगळं जागच्या जागी असावं."

अशी ती छत्तीस माणसं नोकरीला असल्यासारखी दहा ते पाच जाऊ लागली. जेवणाचे डबे बरोबर. खोलीतल्या कारकुनांनी पहिले काही दिवस त्यांच्यावर कोट टांगले. मग ओळखी झाल्या. ज्याला त्याला आपल्या खोलीतला माणूस बरा वाटू लागला, कारण सरकारी कचेरीत आपलं बोलणं ऐकायला कायमचं कुणीतरी बसलेलं आहे, असं कुणाच्याच बाबतीत आजवर घडलं नव्हतं.

हमीच्या काळात दुरुस्तीच्या तक्रारी छापील अर्जावर यायच्या आणि त्या सोडवणं ताईंकडे होतं. 'खोली नऊ: गृहस्थ वाजतात.' ताई जाऊन बघून आल्या. जेवणानंतर घोरत होते, उशी बदलून दिली. 'खोली तेवीस: गळती.' सर्दी होती. 'खोली चौदा: रंग उडाला आहे.' या गृहस्थांची बायको माहेरी गेली होती आणि ते तीन दिवस बोलले नव्हते. अर्जाच्या खालच्या रकान्यात 'केलेली दुरुस्ती' असं लिहिलेलं असायचं. त्या दिवशी ताईंनी तिथे लिहिलं, 'शेजारी बसले, एक तास.' तपासनिसांनी त्यापुढे खूण केली.

वर्ष कसं गेलं कळलं नाही. हमी संपायच्या महिनाभर आधी तपासनीस स्वतः ताईंच्या कचेरीत आले आणि नव्या खुर्चीसमोर उभे राहिले.

"बसवण्याची जुडी होती. उठवण्याची नाही. तोडकाम असो, काढणं असो, त्याचं अंदाजपत्रक लागतं. उठवायला काय काय लागेल ते द्या, म्हणजे मंजूर करतो."

ताईंना हे काम सोपं वाटलं. त्यांनी तासाभरात जुडी बांधली. 'उठवणे-एक': आधाराचा हात, नग दोन. काठी, नग एक. निमित्त, नग एक. छत्तीसने गुणा.

तपासनिसांनी वाचलं. "निमित्त म्हणजे नक्की काय? तपशील द्या."

तो तपशील गोळा करायला ताई वही घेऊन खोल्यांतून फिरल्या. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्हाला उठायला काय लागेल? आणि पहिल्या तीन खोल्यांतच त्यांच्या लक्षात आलं की ही जुडी बांधली जाणार नाही. एकाने सांगितलं, "कुणीतरी म्हणा, बसा हो, घाई काय आहे. मी लगेच उठतो." दुसऱ्याला उशीर झालाय असं सांगायला हवं होतं, कशाला ते सांगितलं नाही तरी चालेल. शिक्षक म्हणाले, घंटा. एकाला फक्त गुडघ्याला तेल आणि दोन धडधाकट माणसं हवी होती. चौदा नंबरचे गृहस्थ म्हणाले की बायकोने दारात येऊन हाक मारावी, पण हळू, कचेरीत ऐकू जाईल अशी नको. ताईंनी सगळं लिहून घेतलं. रात्रीचं जेवण झालं की त्या वही उघडून बसायच्या आणि दोन नोंदी तरी सारख्या निघतात का बघायच्या. निघत नव्हत्या. अठरा, आता एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एक अंदाजपत्रक सुटं सुटं लिहिलं, एकेका माणसाचं वेगळं पान.

बाबांचं पान तेवढं कोरं होतं. ते एकोणतिसाव्या खोलीत बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, "माझं राहू दे, बाकीच्यांचं बघ." मुदतीच्या आदल्या दिवशी ताई स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. बराच वेळ दोघंही भिंतीकडे बघत होते. भिंत ताईंच्या जुडीतली होती, पण ताईंना त्या क्षणी तिच्यात विटा दिसल्या नाहीत.

"मला बसमध्ये बसायचंय," बाबा म्हणाले.

"बसा की, बाबा. त्यात काय?"

"चौतीस वर्षं त्या बसमध्ये होतो. बसलो नाही कधी. निवृत्त झाल्यावर वाटायचं, आता बसलो तर लोक म्हणतील, हा बघा, शेवटी बसला. खिडकीजवळ. शेवटच्या थांब्यापर्यंत. आणि तिकीट दुसऱ्याने द्यायचं."

ताईंनी लिहिलं: बसचं तिकीट, शेवटच्या थांब्याचं, नग एक. मग खोडून दोन केलं.

अंदाजपत्रक मंजूर झालं. तपासनिसांनी छत्तीसही पानं वाचली. काही पानांवर ते जास्त वेळ थांबले, पण शेरा कुठेच मारला नाही. महिनाअखेरीला माणसं उठायला लागली. तिसऱ्या मजल्यावर घंटा वाजवली आणि शिक्षक चटकन उठून वर्ग सुटल्यासारखे चालू लागले. चौदा नंबरच्या काकू आल्या, हाक एवढी हळू मारली की ती फक्त त्या गृहस्थांनाच ऐकू गेली. चार जण उठलेच नाहीत. त्यांच्या खोल्यांतल्या कारकुनांनी अर्ज करून त्यांना ठेवून घेतलं, आणि ते अजून तिथेच आहेत. गिलाव्याचे काका उठले ते नव्या कामावर गेले. जाताना त्यांनी ताईंना एवढंच सांगितलं की यापुढे मोजायला याल तेव्हा आधी कळवत जा, म्हणजे मी बाहेर थांबेन.

बाबांच्या दिवशी ताईंनी रजा काढली. सकाळची दहाची बस. बाबांना खिडकीजवळची जागा मिळाली, ताई त्यांच्या शेजारी बसल्या. कंडक्टर तरुण होता. त्याने तिकिटं फाडून दिली. बाबांनी आपलं तिकीट उजेडात धरून तपासलं आणि खिशात ठेवलं. तिसऱ्या थांब्यापर्यंत ते काचेला कपाळ टेकवून बसले होते. ताईंनी विचारलं, "कसं वाटतंय, बाबा?"

"खालून वेगळं दिसतं गाव," ते म्हणाले. "मला सगळ्यांच्या टोप्या आणि भांग तेवढे माहीत."

चौथ्या थांब्यावर गर्दी वाढली. हातात मोठं गाठोडं घेतलेली एक बाई आत आली आणि दांडी धरायला तिला हात मोकळा नव्हता. ताई उठणार तोच बाबा उठले. कुणी हात दिला नाही, त्यांची काठी पायाशी आडवी पडलेली होती. "बसा," ते बाईला म्हणाले आणि मधल्या वाटेत जाऊन उभे राहिले. बस वळणावर जोरात कलली. बाकीचे धडपडले, बाबांनी फक्त एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला. शेवटच्या थांब्यापर्यंत ते तसेच उभे होते, कशालाही न धरता, आणि त्या तरुण कंडक्टरला सांगत होते की पिशवी डाव्या खांद्याला अडकवत जा, उजवा लवकर दुखायला लागतो.

ताईंनी वाकून काठी उचलली आणि मांडीवर आडवी ठेवली. शेजारच्या बाईने विचारलं, ते तुमचे कोण. ताईंनी सांगितलं, आणि मग ती बाई तिच्या गाठोड्यात काय काय आहे ते सांगू लागली.